२०४८ (खेळ)

२०४८ हा एकट्याने खेळायचा, सरकत्या ठोकळ्यांचा संख्याकोड्याचा खेळ आहे. गॅब्रिएले चिरुल्ली या इटालियन संकेतस्थळ-विकासकाने वयाच्या १९व्या वर्षी तो तयार केला व ९ मार्च २०१४ रोजी आंतरजालावर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सोळा घरांच्या पटावर समान संख्यांचे ठोकळे एकमेकांत मिसळून त्यांची दुप्पट करत जाणे आणि अखेरीस २०४८ ही संख्या लिहिलेला ठोकळा मिळवणे हे खेळाचे उद्दिष्ट होय. आज हा खेळ प्रामुख्याने मोबाइलवरील खेळ म्हणून ओळखला जातो. त्याचे मूळ रूप मात्र संगणकाच्या ब्राउझरसाठी आणि कळफलकावरील बाणांच्या कळांसाठी लिहिलेले आहे. त्यामुळे तो घरच्या संगणकावर खेळण्यासाठी स्वतंत्र प्रणाली बसवण्याची गरज पडत नाही.

पूर्वपीठिका

सरकत्या ठोकळ्यांच्या कोड्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. १ ते १५ हे आकडे क्रमाने लावण्याचे 'पंधराचे कोडे' १८८० साली अमेरिकेत व युरोपात अतिशय लोकप्रिय झाले. सॅम लॉइड या कोडेकाराने त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले होते. पुढील संशोधनात मात्र ते नॉइस चॅपमन या टपाल अधिकाऱ्याचे असल्याचे दिसून आले. हेच कोडे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीच्या रूपाने महाराष्ट्रातील जत्रांत व खेळण्यांच्या दुकानांतही मिळत असे.

२०४८ चा निकटचा पूर्वज 'थ्रीज' हा मोबाइल खेळ होय. ॲशर व्होल्मर व ग्रेग वोलवेंड यांनी सुमारे चौदा महिने खपून तो तयार केला आणि ६ फेब्रुवारी २०१४ रोजी आयफोनसाठी सशुल्क प्रकाशित केला. त्यात १ आणि २ मिळून ३ होतात व पुढे समान संख्या जोडल्या जातात. प्रत्येक चालीत ठोकळे एकच घर सरकतात. थ्रीजवरून प्रेरणा घेऊन व्हीवो स्टुडिओने '१०२४' हा मोफत खेळ काढला. चिरुल्लीने '१०२४' आणि त्याच सुमारास आलेला '२०४८' याच नावाचा दुसरा एक खेळ यांच्या आधारे आपली आवृत्ती एका शनिवार-रविवारात लिहिली. आपल्याला आरंभापासून एखादा खेळ लिहिता येतो की नाही हे अजमावणे एवढाच त्याचा हेतू होता. खेळ प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याभरातच चाळीस लाखांहून अधिक लोकांनी त्या पानास भेट दिली.

खेळाचे नियम

पट चार ओळी व चार स्तंभ अशा १६ घरांचा असतो. आरंभी त्यावर दोन ठोकळे असतात. प्रत्येक चालीचे नियम पुढीलप्रमाणे आहेत.

१. खेळाडू डावी, उजवी, वर किंवा खाली यांपैकी एक दिशा निवडतो. पटावरील सर्व ठोकळे त्या दिशेने अडथळा येईपर्यंत सरकतात.
२. सरकताना समान संख्यांचे दोन ठोकळे एकमेकांस भिडले, तर त्यांचा दुप्पट संख्येचा एक ठोकळा होतो. नव्या ठोकळ्यावरील संख्येइतके गुण मिळतात.
३. एका चालीत एकदा तयार झालेला ठोकळा त्याच चालीत पुन्हा मिसळत नाही. उदाहरणार्थ, एका ओळीत २, २, ४ असे ठोकळे असताना डावीकडे चाल केल्यास ४, ४ मिळतात, ८ मिळत नाही.
४. चाल पूर्ण झाल्यावर एखाद्या रिकाम्या घरात नवा ठोकळा उमटतो. दहापैकी सरासरी नऊ वेळा तो २ चा व एकदा ४ चा असतो. त्याचे स्थान यादृच्छिक असते.
५. एकही ठोकळा सरकत नसेल अशी चाल ग्राह्य धरली जात नाही.

सर्व घरे भरली आणि शेजारी-शेजारी समान संख्या उरल्या नाहीत की डाव संपतो. २०४८ चा ठोकळा झाल्यावर डाव जिंकला असे मानले जाते, परंतु खेळाडूस पुढे खेळत राहता येते.

घरगुती संगणकावरील खेळ

मोबाइलवर खेळाडू बोटाने पडदा सरकवून दिशा देतो. संगणकावर हेच काम बाणांच्या चार कळा करतात. मूळ आवृत्तीत बाणांऐवजी डब्ल्यू, ए, एस व डी या कळाही चालतात. आर ही कळ दाबताच नवा डाव सुरू होतो आणि त्यापूर्वी कोणतीही विचारणा होत नाही. त्यामुळे रंगलेल्या डावात या कळेपासून बोट दूर ठेवलेले बरे.

मोबाइलवरील संख्याकोडी घरच्या संगणकावर खेळण्याचे मुख्य मार्ग असे आहेत.

ब्राउझरमधून: हा सर्वांत सोपा मार्ग आहे. खेळ जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असल्याने कोणत्याही आधुनिक ब्राउझरमध्ये चालतो व जुन्या, कमी स्मरणक्षमतेच्या संगणकावरही अडखळत नाही. खेळाची मूळ आज्ञावली गिटहब या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. तिच्या धारिका उतरवून घेतल्यास मुख्य पान उघडताच आंतरजालाशिवायही खेळता येते.

लिनक्सवरील स्वतंत्र आवृत्ती: ग्नोम या मुक्त प्रकल्पाने याच नियमांचा खेळ आपल्या संचात दिला आहे. तो वितरणाच्या भांडारातून थेट बसवता येतो.

अँड्रॉइडचे अनुकरण करणाऱ्या प्रणालीतून: जे खेळ केवळ मोबाइल ॲपच्या रूपात मिळतात त्यांच्यासाठी ब्लूस्टॅक्ससारखी अनुकरण-प्रणाली संगणकावर बसवावी लागते. ती संगणकात जणू दुसरा अँड्रॉइड फोनच चालवते. म्हणून तिला किमान ४ जीबी रॅम लागते आणि प्रक्रियकातील आभासीकरणाची सोय बायोसमधून सुरू असावी लागते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशीच अंगभूत सोय दिली होती. तिचा आधार ५ मार्च २०२५ पासून बंद झाला. ॲपलच्या स्वतःच्या प्रक्रियकावर चालणाऱ्या मॅक संगणकांवर, विकासकाने मुभा दिली असल्यास, आयफोनचे खेळ थेट चालतात.

फोनचा पडदा संगणकावर आणून: यूएसबी तारेने फोन जोडून त्याचा पडदा संगणकावर दाखवणाऱ्या आणि कळफलक-माऊसने फोन चालवू देणाऱ्या मुक्त प्रणाली आहेत. खेळ प्रत्यक्षात फोनवरच चालत असल्याने संगणकावर भार पडत नाही.

२०४८ साठी पहिला मार्ग पुरेसा असतो. साध्या ठोकळ्यांच्या खेळासाठी अख्खा अँड्रॉइड चालवणे हे संगणकास नाहक राबवणे ठरते.

मूळ आवृत्ती प्रत्येक चालीनंतर पटाची स्थिती व सर्वोच्च गुणसंख्या ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात नोंदवते. अकोला, अमरावती अशा शहरांत ऐन उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पंखे-कूलरच्या भाराने वीज मध्येच जाते. अशा वेळी संगणक एकाएकी बंद पडला तरी पुन्हा सुरू केल्यावर डाव सहसा होता तेथूनच पुढे चालतो. मात्र ही नोंद त्या ब्राउझरपुरतीच असते. ब्राउझरचा इतिहास व साठा पुसल्यास, किंवा खाजगी खिडकीत खेळून ती बंद केल्यास, नोंद नाहीशी होते. एकाच संगणकावर घरातील अनेक जण खेळत असतील तर प्रत्येकाने वेगळी ब्राउझर-ओळख वापरल्यास डाव व गुण वेगळे राहतात.

२०४८ या नावाची असंख्य ॲप वेगवेगळ्या निर्मात्यांनी प्रसृत केली आहेत. अशा खेळास संपर्कयादी, ध्वनिमुद्रण किंवा स्थान यांची गरज नसते. ॲप या परवानग्या मागत असेल तर ते न घेणेच श्रेयस्कर.

गणिती स्वरूप

ठोकळ्यांवरील संख्या २ च्या घातांच्या असतात: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८. यांतील २०४८ हा २ चा अकरावा घात आहे.

मिसळण्याने पटावरील संख्यांची बेरीज बदलत नाही. ती केवळ नव्या ठोकळ्यामुळे वाढते. नवा ठोकळा ०.९ संभाव्यतेने २ चा व ०.१ संभाव्यतेने ४ चा असल्याने प्रत्येक चालीस बेरीज सरासरी २.२ ने वाढते. त्यामुळे २०४८ गाठण्यास २०४८ भागिले २.२, म्हणजे किमान सरासरी ९३१ चाली लागतात. पटावर इतर ठोकळेही शिल्लक असतात, म्हणून प्रत्यक्ष संख्या याहून थोडी अधिक भरते. एका चालीस एक सेकंद धरल्यास हा डाव पंधरा-सोळा मिनिटांचा होतो. एक चूक सुधारण्यासही पुष्कळ चाली खर्च होतात, हे यावरून ध्यानात येते.

सर्व ठोकळे २ चेच आले असते तर २०४८ होईपर्यंत २०,४८० गुण मिळाले असते. आयता आलेला प्रत्येक ४ त्यातून चार गुण कमी करतो, कारण ती बेरीज खेळाडूने केलेली नसते. म्हणून २०४८ गाठणाऱ्याचे गुण साधारणतः वीस हजारांच्या थोडे वर असतात.

१६ घरांच्या पटावर मिळू शकणारा सर्वांत मोठा ठोकळा १,३१,०७२ चा, म्हणजे २ च्या सतराव्या घाताचा आहे. त्यासाठी पंधरा घरांत ४, ८, १६ पासून ६५,५३६ पर्यंतची अखंड मालिका हवी आणि उरलेल्या एकाच घरात नेमका ४ यावा लागतो. यादृच्छिकता वगळून कोणत्याही आकाराच्या पटासाठी मांडलेला हा प्रश्न संगणकशास्त्राच्या परिभाषेत 'एनपी-कठीण' असल्याचे संशोधकांनी सिद्ध केले आहे.

डावपेच

अनुभवी खेळाडू सर्वांत मोठा ठोकळा एका कोपऱ्यात स्थिर ठेवतात. तळाची ओळ निवडल्यास तिच्यात उतरत्या क्रमाने मोठे ठोकळे आणि तिच्या वरच्या ओळीत उलट दिशेने पुढील ठोकळे लावले जातात. पट मग सर्पाकार मालिकेसारखा दिसतो. या मांडणीत शेवटचे दोन लहान ठोकळे जुळले की मालिका ओळीने दुमडत जाते.

ही रचना राखण्यासाठी वरच्या दिशेची चाल शक्यतो टाळली जाते. तळाची ओळ पूर्ण भरलेली व तिच्यात शेजारी समान संख्या नसतील, तर डावी-उजवी चाल तिला हलवू शकत नाही. म्हणून तळ आधी भरून घेणे हा पहिला नियम मानला जातो. वरची चाल करावीच लागली, तर लगेच खालची चाल करून ठोकळे परत आणले जातात. मधल्या काळात रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात २ चा ठोकळा उमटल्यास मोठा ठोकळा अडकतो आणि डाव बहुधा त्या क्षणीच हरलेला असतो. दुसरी सामान्य चूक म्हणजे समान ठोकळे दिसताच मिसळण्याची घाई. कधी कधी दोन ४ तसेच ठेवून रिकामी घरे योग्य बाजूस राखणे अधिक लाभाचे असते.

संगणकावर बाणांच्या कळा भराभर दाबण्याची सवय लागते व चुकीची दिशा सहज दाबली जाते. मूळ आवृत्तीत चाल मागे घेण्याची सोय नाही.

श्रेयाचा वाद

२०४८ मोफत असल्याने त्याची प्रसिद्धी थ्रीजहून अधिक झाली आणि नंतर आलेल्या अनेकांनी थ्रीजलाच २०४८ ची नक्कल समजण्यास सुरुवात केली. मार्च २०१४ च्या अखेरीस थ्रीजच्या निर्मात्यांनी आपला परस्पर पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. खेळाचे नियम किती प्रयोगांनंतर इतके साधे झाले हे त्यातून दिसते. वर्षभराचे श्रम आणि काही दिवसांत झालेल्या नकला यांतील अंतर पाहून वाटलेले दुःखही त्यांनी मांडले. त्याच वर्षी ॲपलने थ्रीजला आयफोनवरील वर्षातील सर्वोत्तम खेळ म्हणून निवडले.

चिरुल्लीने आपल्या पानावर '१०२४' चा आधार व थ्रीजशी असलेले साम्य यांचा उल्लेख केला आणि मूळ आज्ञावली एमआयटी परवान्याखाली खुली ठेवली. दुसऱ्याच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या खेळातून पैसा मिळवणे त्याने आरंभी नाकारले. मोबाइलसाठी अधिकृत ॲप त्याने नंतर, मे २०१४ मध्ये काढले. तोपर्यंत केचॲप या कंपनीची जाहिरातींसह असलेली आवृत्ती ॲप-भांडारांच्या अग्रस्थानी पोहोचली होती.

कायद्याच्या दृष्टीने खेळाची कल्पना व नियम यांवर स्वामित्वहक्क मिळत नाही. तो कल्पनेच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर मिळतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार संगणक-आज्ञावली ही साहित्यकृतीच्या व्याख्येत मोडते. त्यामुळे आज्ञावलीची चोरी हा गुन्हा ठरतो, परंतु तोच खेळ नव्याने लिहिणे गुन्हा ठरत नाही. कायदा जेथे थांबतो तेथे आपल्या कामाचा आधार प्रामाणिकपणे सांगणे एवढेच पूर्वसूरीचे ऋण फेडण्याचे साधन उरते. चिरुल्लीच्या पानावरील ती ओळ या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मराठी व भारतीय संदर्भ

दुपटीची मालिका मराठी व्यवहारात जुनी आहे. दशमान पद्धतीपूर्वीच्या धान्यमापनाच्या कोष्टकात प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट असे: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली (अडशिरी) व दोन अधोल्यांची एक पायली. म्हणजे पायलीत ६४ निळवी भरत. सोळा पायल्यांचा मण धरल्यास एका मणात १०२४ व दोन मणांत २०४८ निळवी होतात. निळव्यापासून आरंभ करून एकेक दुप्पट करत गेल्यास दोन मणांचे माप अकराव्या पायरीवर येते. मापांची नावे व आकार वऱ्हाडासह प्रांतोप्रांती वेगळे असत, त्यामुळे हे कोष्टक सर्वत्र जसेच्या तसे लागू नव्हते. मणापुढे वीस मणांची खंडी येते आणि दुपटीची साखळी तुटते. रुईच्या व्यापारात खंडी हे एकक (सुमारे ३५६ किलो) आजही रूढ आहे.

२०४८ ही संख्या छंदःशास्त्रातही येते. पिंगलाच्या परंपरेत प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकते. म्हणून अक्षरसंख्या एकाने वाढली की संभाव्य रूपांची संख्या दुप्पट होते. अकरा अक्षरांच्या चरणाच्या त्रिष्टुभ् वर्गात लघू-गुरूंच्या २०४८ रचना संभवतात. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतून परिचित असलेली इंद्रवज्रा, उपेंद्रवज्रा, शालिनी, रथोद्धता व स्वागता ही वृत्ते या २०४८ पैकीच आहेत.

महाराष्ट्रातील संख्यारंजनाच्या परंपरेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव अग्रगण्य आहे. देवळाली येथे शिक्षक असलेल्या कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी पुन्हा पुन्हा वजा केल्यास सात किंवा त्याहून कमी पायऱ्यांत ६१७४ येतेच. २०४८ पासून आरंभ केल्यास क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व सहाव्या पायरीस ६१७४ मिळते. कापरेकरांच्या प्रक्रियेत शेवट ठरलेला असतो. २०४८ च्या खेळात मात्र प्रत्येक नवा ठोकळा तो अनिश्चित करतो.

शैक्षणिक उपयोग

२ चे घात, संभाव्यता आणि पुढच्या काही चालींचा विचार या गोष्टी शिकवण्यासाठी हा खेळ उपयोगी पडतो. मराठी शाळांच्या दृष्टीने संख्यावाचनाचा सरावही त्यातून साधतो. बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न अशी नावे ठोकळा तयार होताच मोठ्याने म्हणवून घेता येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनपद्धती दिल्यावरून महाराष्ट्रात वाद झाला होता. मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे लहान मुलांना कठीण जातात हा त्यामागचा मुद्दा होता. खेळात हीच मोजकी दहा-अकरा नावे पुन्हा पुन्हा येत असल्याने ती अंगवळणी पडतात.

मूळ आवृत्तीतील सूचना इंग्रजीत आहेत व आकडे आंतरराष्ट्रीय वळणाचे आहेत. ठोकळ्यावरील संख्या चित्र म्हणून काढलेली नसून मजकूर म्हणून लिहिलेली आहे. त्यामुळे आज्ञावलीच्या एका ओळीत अंकांची अदलाबदल केल्यास ठोकळ्यांवर देवनागरी आकडे दिसू शकतात. परवाना अशा बदलास व वाटपास मुभा देतो. अट एवढीच, की मूळ कर्त्याची स्वामित्वसूचना व परवान्याचा मजकूर नव्या प्रतीत कायम ठेवावा लागतो.

हेही पाहा

सुडोकू
पंधराचे कोडे
दत्तात्रय रामचंद्र कापरेकर
मुक्त सॉफ्टवेअर
वृत्त (छंदःशास्त्र)